सुभद्राबेनचं ‘चालेल’

आमच्या पाड्यातलं, म्हणजे आमच्या जैन वस्तीतलं, कुठलंही मूल गोळी तोंडात टाकण्याआधी एकच प्रश्न विचारायचं, ‘सुभद्राबेन चालेल म्हणाल्या का?’ त्यांनी चालेल म्हटलं की विषय संपला. मग आई वेष्टण वाचायची नाही, आजी शंका काढायची नाही आणि दुकानदार हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवत बसायचा नाही. खंभातच्या आमच्या अपासऱ्यात, साधू-साध्वी उतरतात त्या उपाश्रयात, बावीस वर्षं त्यांनी पाठशाळा चालवली, शेकडो मुलांकडून सूत्रं पाठ करून घेतली, पण गावात त्यांचं नाव झालं ते गोळ्या-चॉकलेटांमुळे. पोरं पाठीमागे त्यांना ‘गोळी-पोलीस’ म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी तरुलता. त्यांच्याच पाठशाळेत सर्वांत लहान मुलांचा वर्ग घेते. सुभद्राबेन माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र असा की पाड्याच्या या टोकाला खाकरा भाजता भाजता त्या टोकाच्या पोराचं चुकलेलं सूत्र सुधारतील. स्वभाव तिखट. माझाही काही गोड नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

हे तपासण्याचं वेड त्यांना लागलं ते सासूबाईंच्या आजारपणात. म्हातारीने जन्मात कधी कांदा-बटाटा खाल्ला नव्हता, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. शेवटचे तीन महिने सुभद्राबेननी तिला स्वतःच्या हाताने कॅप्सूल दिल्या. ती गेल्यावर उरलेली औषधं परत करायला त्या दुकानात गेल्या, तेव्हा औषधवाला सहज बोलून गेला, की कॅप्सूलचं वरचं टरफल जिलेटिनचं असतं, जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेलं. सुभद्राबेन तिथेच दुकानाच्या पायरीवर बसल्या.

“बा रोज विचारायची गं,” त्या मला एकदा सासूबाईंबद्दल म्हणाल्या, “वहू, यात काही नाही ना? आणि मी रोज म्हणायचे, नाही बा, औषध आहे, गिळा. मला ठाऊक नव्हतं हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं ना कुणाला.”

त्यानंतर त्यांनी महाराजसाहेबांकडून नियम घेतला, आणि नियम साधासुधा नव्हता. आपल्यात करणं, करवणं आणि करणाऱ्याला मूक संमती देणं, तिन्हींचं पाप सारखं मानतात. सुभद्राबेननी तिन्हींचा नियम घेतला. जिलेटिन स्वतः खायचं नाही, कुणाला खाऊ घालायचं नाही आणि कुणी खात असेल तर बघून गप्प बसायचं नाही.

तिसऱ्याच गोष्टीने त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी शिकायला लावलं. शाळा गुजराती सातवीपर्यंत झालेली. एके दिवशी माझ्याकडे पाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मला एवढंच शिकव, की पुडीच्या मागचं वाचता येईल. बाकी मला गोऱ्यांशी गप्पा मारायच्या नाहीत.” मी शिकवलं. चार महिन्यांत त्या अक्षर अक्षर लावून वाचू लागल्या. पुढे पुढे तर असं झालं, की बसवरची पाटी त्यांना वाचता यायची नाही, पण ‘ग्लिसरीन’ आणि ‘लेसिथिन’ त्या डोळे मिटून ओळखायच्या. नवऱ्याचं अकीकच्या दगडांचं छोटं दुकान होतं. दगडातली रेघ बघायचं त्याचं भिंग सुभद्राबेनच्या पर्समध्ये गेलं ते परत दुकानात आलंच नाही.

एका कंपनीला त्यांनी गुजरातीत पोस्टकार्ड टाकलं, ‘तुमची जेली कशामुळे थरथरते ते कळवा.’ कंपनीने उत्तर म्हणून त्याच जेलीचा मोठा डबा फुकट पाठवला. तो डबा त्यांनी अपासऱ्याच्या ओट्यावर सगळ्या मुलांसमोर ठेवला आणि म्हणाल्या, “जो उत्तर न देता खाऊ देतो, त्याच्या खाऊत काहीतरी असतंच.”

रविवारी पाठशाळेत मुलं आठवडाभराची वेष्टणं घेऊन यायची. आधी नवकार मंत्र, मग वेष्टणांवरचे आकडे. चारशे एक्केचाळीस म्हणजे जिलेटिन. एकशे वीस म्हणजे किड्यांचा लाल रंग. नऊशे चार म्हणजे लाखेच्या किड्याची चकाकी. चारशे एकाहत्तर म्हणजे शंका, आणि शंका आली की तोंड बंद. बाहेरून आलेल्या मालावर इथल्या व्यापाऱ्याचं लेबल चिकटवलेलं असेल तर ते नखाने उचकटून खालचं वाचायचं. हे शेवटचं मुलांना फार आवडायचं. नखं लागायची, आणि त्यात चोर पकडल्याची मजा असायची.

आता किरीटभाईंचं सांगते. त्यांचं नाव घेताना अजून माझ्या तोंडाला कडवट चव येते.

किरीट हा सुभद्राबेनचा धाकटा भाऊ. पाच वर्षांचा असताना आई गेली. सुभद्राबेन नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या, त्यांनी भावाला आपल्याकडे आणलं, वाढवलं, शिकवलं. स्वतःच्या मुलीच्या आधी त्याचं ताट वाढलं. तो मुंबईला जाऊन बाहेरदेशच्या चॉकलेट-गोळ्यांचा व्यापारी झाला, बऱ्यापैकी पैसा केला आणि चाळिशीत खंभातला परत येऊन मोठं गोदाम टाकलं. आमच्या जैन संघाचा ट्रस्टीही झाला. आमचे हे त्याच गोदामावर कामाला. म्हणजे आमच्या घरची चूल किरीटभाईंच्या मर्जीवर चालायची, हेही सांगून टाकलेलं बरं.

त्या वर्षी पर्युषणात, आमच्या आठ दिवसांच्या व्रतपर्वात, भगवंतांच्या जन्मवाचनाच्या दिवशी मुलांची प्रभावना किरीटभाईंनी घेतली. प्रभावना म्हणजे कार्यक्रमानंतर वाटायची भेट, पेढा, पतासा, फार तर वही-पेन. यांनी प्रत्येक मुलासाठी रंगीत डबी आणली, आत अस्वलाच्या आकाराच्या मऊ गोळ्या. सुभद्राबेनची तेव्हा अट्ठाई चालू होती. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. तो पाचवा दिवस. डोळे खोल गेले होते, भिंतीचा आधार घेऊन चालत होत्या. तरी डब्या आल्या म्हटल्यावर त्यांनी भिंग काढलंच.

“बेन, तू पण ना,” किरीटभाई हसत म्हणाले. “कंपनीकडून लेखी घेतलंय मी. हे बघ पत्र. झाडाच्या चिकापासून केलेली जेली. सही-शिक्का सगळं आहे.”

“पत्र ठेव. डबी दे.”

“म्हणजे माझ्यावरही भरवसा नाही?” त्यांचा आवाज एकदम उतरला. सगळ्या बायका पॅकिंगला बसल्या होत्या, ऐकत होत्या. “लहानपणी तुझ्या मांडीवर बसून अभक्ष्य न खाण्याचा नियम घेतलाय मी, बेन. तुझ्यासमोर. गावातल्या पोरांना मी असलं खायला घालीन?”

सुभद्राबेननी भिंग डोळ्याला लावलं, लेबलावरची इंग्रजी ओळ वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं एकमेकांत मिसळत होती. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि भावाच्या गालावरून हात फिरवला.

“चालेल,” त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या न तपासता चालेल म्हणाल्या, आणि ते आम्हा सगळ्यांना बरंच वाटलं. भाऊ-बहिणीचं प्रेम बघून एकदोघींनी डोळे पुसले.

आम्ही डब्या पिशव्यांत भरत होतो. माझ्या हातातल्या एका डबीवरचं लेबल कोपऱ्यातून सुटलं होतं. सवयीने माझं नख त्याखाली गेलं. खाली बारीक छापील ओळी होत्या, आणि उघड्या पडलेल्या तुकड्यावर इंग्रजीत ‘जी-ई-एल’ एवढीच तीन अक्षरं दिसली. पुढचं झाकलेलं होतं. मी वर बघितलं. किरीटभाई माझ्याकडेच बघत होते. नुसतं म्हणाले, “तरुबेन, तुमच्या मिस्टरांना उद्या बोनसचं विचारायला सांगा हं, विसरतात ते.”

मी अंगठ्याने लेबल दाबून चिकटवलं. ‘जिलेटिन’ नाही, ‘जेलिंग एजंट’ असेल, असं स्वतःला सांगितलं. तेही असू शकतं, नाही असं नाही. पूर्ण लेबल उचकटायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ती डबी पिशवीत टाकली आणि पुढची घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपासऱ्यातलं व्याख्यान सुटल्यावर निर्झरी धावत आली. दहा वर्षांची, माझ्या वर्गातून नुकतीच सुभद्राबेनच्या वर्गात गेलेली, हुशार आणि जरा मिरवणारी मुलगी. हातात रिकामी डबी.

“बेन, सापडलं,” ती म्हणाली. “मी सगळं उचकटलं, गरम पाण्याची वाफ देऊन. यात पूर्ण शब्दच लिहिलाय, आकडा नाही. मला शाबासकीचा बिल्ला मिळणार ना?”

सुभद्राबेननी डबी घेतली. भिंगाची गरज नव्हती. शब्द ठळक होता, जिलेटिन.

“तू किती खाल्ल्यास?” त्यांनी विचारलं.

“सगळ्या,” निर्झरी म्हणाली. आता तिचा चेहरा उतरला. “तुम्ही चालेल म्हणाला होतात ना. मी तर नंतर सहज उचकटून बघितलं.”

सुभद्राबेननी तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बिल्ला दिला. मग मला म्हणाल्या, “चल.” सहाव्या उपासाला त्या भर उन्हात गोदामापर्यंत चालत गेल्या. मी दंड धरून होते. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, “त्यालाही फसवलं असेल कुणीतरी, तो वाचतो कुठे नीट.”

किरीटभाई पंख्याखाली बसले होते. डबी पाहिली आणि त्यांना समजलं. आमचे हे आत खोके लावत होते, तेही थांबले.

“बैस बेन. पाणी घे उकळलेलं.”

“तुला माहीत होतं?”

“अगं, तिकडच्या देशात सगळ्यातच असतं ते. चिमूटभर. चवही लागत नाही.”

“किरीट, तुला माहीत होतं का?”

“होतं,” ते म्हणाले, आणि मग कंटाळल्यासारखे भराभर बोलू लागले. “माल अडकला होता. तारीख उलटायला आली होती. पोरं खूश झाली की नाही? कोण मेलं त्यात?”

“आणि पत्र?”

“पत्र काय, बाजूच्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलं.”

सुभद्राबेन खोक्यावर बसल्या. त्यांच्या ओठांना कोरड पडली होती, तरी पाण्याला हात लावला नाही. “मग माझ्याकडे कशाला आणलंस? मला न विचारता वाटलं असतंस तरी चाललं असतं. मी आजारी आहे म्हणाला असतास.”

किरीटभाई हसले. खरंच हसले. “तुला न विचारता कोण घेईल, बेन? तुझं चालेल म्हणजे आपल्या समाजात शिक्का आहे. दोन वर्षं झाली, मुंबईतही माझी माणसं सांगतात, खंभातच्या सुभद्राबेननी पास केलेलं आहे. त्यावरच माल उठतो.”

“दोन वर्षं,” सुभद्राबेन म्हणाल्या. “मी तर फक्त काल म्हटलं.”

“एकदा म्हटलंस काय, दहादा म्हटलंस काय. नाव तर तुझंच आहे ना.” त्यांनी आवाज खाली केला. “हे बघ, परवा संवत्सरी आहे. मिच्छामि दुक्कडम् करू आणि मिटवून टाकू. बाहेर बोलशील तर माझं काय, दुकान आहे, चालतंय. तुझंच नाक कापलं जाईल. लोक म्हणतील, बावीस वर्षं हिने असंच पास केलं असेल.”

मला इतका संताप आला की ती डबी त्यांच्या तोंडावर फेकून मारावीशी वाटली. पण आतल्या बाजूने आमचे हे माझ्याकडे बघत होते, आणि मी डबी मांडीवर घेऊन बसून राहिले.

परतताना सुभद्राबेन रडल्या नाहीत. म्हणाल्या, “तो लहान असताना ताप आला की मी रात्रभर त्याचं डोकं मांडीवर घ्यायचे. तेच डोकं आहे का हे, तरु?”

तिथून त्या थेट साध्वीजींकडे गेल्या. सगळं सांगितलं, भावाचं नाव सोडून. आलोयणा, म्हणजे झाल्या पापाचं प्रायश्चित्त, मागितली. साध्वीजींनी एकवीस आयंबिल दिले, म्हणजे एकवीस दिवस एकदाच, तेल-तूप-दुधाविना जेवण, आणि म्हणाल्या, “ज्यांना तुझ्या शब्दावर खाऊ घातलं गेलं, त्या प्रत्येकाला तोंडाने सांग. नुसते हात जोडून भागायचं नाही. कशासाठी ते सांगायचं.”

संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, वर्षभराच्या चुकांची उजळणी करणारं प्रतिक्रमण दिवस मावळल्यावर संपलं. बायका-पुरुष आपापल्या बाजूने चौकात आले आणि नेहमीची गडबड सुरू झाली. जो तो जो दिसेल त्याच्यापुढे हात जोडून माफी मागत होता, मिच्छामि दुक्कडम्, मिच्छामि दुक्कडम्, आणि पुढे सरकत होता. आपल्याकडे तसंच असतं. वर्षभराचं सगळं एका दमात. कुणी थांबून हिशेब मागत नाही.

किरीटभाई सगळ्यांच्या देखत बहिणीसमोर आले. पांढरं धोतर, खांद्यावर शाल. खाली वाकून त्यांनी पायाला हात लावला. “बेन, मिच्छामि दुक्कडम्.”

“कशाबद्दल?” सुभद्राबेननी विचारलं.

चौकातली गडबड आमच्या आजूबाजूला थांबली. हा प्रश्न कुणी कधी विचारलेला आम्ही ऐकला नव्हता.

“जाणता-अजाणता जे काही घडलं असेल त्याबद्दल,” किरीटभाई म्हणाले. चेहऱ्यावर हसू तसंच.

“अजाणता घडलेलं सगळं माफ. जाणून केलेलं तू तोंडाने सांग. इथे. मग मी तेही माफ करीन.”

किरीटभाई सरळ उभे राहिले. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हात पसरले, जणू म्हणत होते, बघा, मी तर वाकलो. आणि लोकांनी तसंच बघितलं. संघाचे प्रमुख रमणीकभाई पुढे आले. “सुभद्राबेन, आज संवत्सरी. दुष्मनसुद्धा आज गाठ सोडतो. अट्ठाई करून मनात वैर ठेवायचं असेल तर काय कामाची ती अट्ठाई?” मागून एक बाई म्हणाली, “भाऊ पाया पडतोय आणि ही ताठच.” दुसरी म्हणाली, “उपासाने माणूस कडक होतं, नरम नाही.”

मी तिथेच होते. ‘लेबल उचकटून बघा’ एवढे तीन शब्द मला येत होते. मला ते ओठावर आलेले आठवतात.

सुभद्राबेननी लोकांकडे पाहिलं. ज्यांच्या पोरांसाठी त्या बावीस वर्षं भिंग घेऊन फिरल्या, तीच माणसं होती. मग त्यांनी हात जोडले. “किरीट, माफ,” त्या म्हणाल्या. “पण आजपासून मी कुठल्याच पुडीला चालेल म्हणणार नाही. माझं चालेल तू विकलंस.” लोकांना यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. त्यांनी समाधानाने मान डोलावली, आणि किरीटभाई पुढच्या घोळक्यात जाऊन हात जोडू लागले.

मग सुभद्राबेन एकेका मुलापाशी जाऊ लागल्या. आठव्या उपासाच्या अंगाने, खाली वाकून, प्रत्येकाच्या उंचीला येऊन. “त्या डबीत जिलेटिन होतं. मी न तपासता चालेल म्हटलं म्हणून तू खाल्लंस. मिच्छामि दुक्कडम्.” भावाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. काही आया चपापून मुलांना मागे ओढत होत्या. काही म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्षंही असंच होतं की काय. किरीटभाई म्हणाले होते अगदी तसंच. निर्झरी रडायला लागली आणि बिल्ला परत द्यायला लागली, तर सुभद्राबेननी तो तिच्या फ्रॉकला पुन्हा लावला.

शेवटी त्या माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, आता विचारतील. माझ्या अंगठ्याखालचं ते लेबल त्यांना दिसलं असेल, दिसायलाच हवं होतं, बावीस वर्षं दुसरं काय बघत आल्या होत्या त्या. मी खोटं बोलायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. विचारलं तर सांगायचंच.

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे हात बर्फासारखे गार होते.

“तरु,” त्या म्हणाल्या, “तू डब्या भरत होतीस. माझ्या शब्दावर विसंबून तुझ्याही हातून पाप झालं. तुला मी यात ओढलं. मिच्छामि दुक्कडम्.”

त्या थांबल्या, वाट बघत. आमचे हे दोन पावलांवर किरीटभाईंशेजारी उभे होते.

मी हात जोडले आणि सुभद्राबेनना माफ केलं.